इतिहासातील ‘जर’



विज्ञानकथेचा नाद असलेल्या माणसाविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे. तो मनाने सदैव पुढच्या शतकात वावरत असतो आणि गतकाळाशी त्याला काही कर्तव्य नसते, असे मानले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाविषयीचा समज नेमका याच्या उलट आहे. तो जुन्या दप्तरांत रमतो आणि उद्याचा दिवस उजाडला तरी त्याला त्याची वार्ता नसते, असे लोक थट्टेने म्हणतात. माझ्या मते या दोन्ही नादांचे मूळ एकच आहे. जे आहे ते असेच का आहे, आणि ते निराळे होऊ शकले असते काय, हा प्रश्न काही माणसांना स्वस्थ बसू देत नाही. असा माणूस मागे वळून पाहतो तेव्हा इतिहासाकडे जातो, आणि पुढे नजर टाकतो तेव्हा विज्ञानकथेकडे. मराठीत या प्रश्नाला एक सुटसुटीत नाव आहे. आपण त्याला ‘जर-तर’ म्हणतो. या जर-तरचा उपयोग कोणता आणि त्यापासून अपाय कोणता, याचा विचार आज करावयाचा आहे.

विज्ञानकथेचा आरंभ पाहिला तरी तेथे भूत आणि भविष्य हातात हात घालून उभे असलेले दिसतात. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६५ साली तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जाणाऱ्या माणसांची कथा लिहिली. त्या कथेत प्रवासी तीन आहेत आणि उड्डाण अमेरिकेतील फ्लॉरिडा येथून होते. १९६९ साली माणूस खरोखर चंद्रावर उतरला, तेव्हाही प्रवासी तीन होते आणि उड्डाण फ्लॉरिडातूनच झाले. पण याच व्हर्नने १८८० साली वाफेवर चालणाऱ्या एका प्रचंड लोखंडी हत्तीची कादंबरी लिहिली. तो हत्ती मागे चाकांची घरे ओढीत उत्तर हिंदुस्थानातून फिरतो, आणि त्या कथेतील प्रतिपक्षाचा नायक आहे १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवा! त्याची पाणबुडी चालविणारा कॅप्टन नेमो हाही पुढे बुंदेलखंडाचा एक राजपुत्र निघतो. उद्याचे यंत्र कल्पिणाऱ्या त्या लेखकाला ते चालविण्यासाठी कालच्या जखमांची आठवण असलेला माणूस लागला.

मराठीत ही चंद्रयात्रा १९०० साली आली. केरळात कोची येथे सुरू झालेल्या आणि कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी संपादिलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकाने व्हर्नच्या त्या कादंबरीचा अनुवाद ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने छापला. त्याच वर्षी जानेवारीत छत्तीसगडातील पेंड्रा येथून माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. सप्रे हे मराठी घराण्यातले. पुढे त्यांनी ‘दासबोध’ व लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, आणि १९२६ साली रायपूर येथे त्यांचे निधन झाले. एकाच वर्षी दोन दूरच्या प्रांतांशी नाते असलेल्या मराठी माणसांपैकी एक जण वाचकांना चंद्राची वाट दाखवीत होता आणि दुसरा एका मागास गणलेल्या प्रदेशाला मासिकाच्या रूपाने वाणी देत होता. दोघांच्याही मनात ‘हे असेच राहिले पाहिजे असे नाही’ हाच विचार असला पाहिजे.

रायपूरचे नाव आले आहे, तर त्या शहराच्या गोल बाजारात थोडा वेळ थांबू. शहराच्या मध्यभागी, मालवीय रस्त्यालगत हा जुना बाजार आहे. दाटीवाटीच्या गल्ल्यांतून हिंडताना पूजेचे साहित्य, लग्नाचा बस्ता, बांगड्या, काशाची भांडी, बांबूची सुपे व टोपल्या, वैदूंच्या मुळ्या आणि पाले असे सारे एकमेकांना खेटून मांडलेले आढळते. सुपाचा आकार शेकडो वर्षांत फारसा बदललेला नाही. त्याच सुपाशेजारी आज एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र टांगलेले असते, आणि गिऱ्हाईक खिशातला दूरध्वनी त्यासमोर धरून पैसे चुकते करते. ज्याला विज्ञानकथेची गोडी आहे, त्याला हे दृश्य पाहून आश्चर्य वाटत नाही, पण तो थबकतो मात्र खरा. कारण काळ हा सर्व ठिकाणी सारख्याच गतीने चालतो, हा आपला नेहमीचा समज येथे डळमळतो. एकाच फळीवर तीन-चार शतके शेजारधर्म पाळीत बसलेली असतात.

ही कल्पना एका थोर खगोलशास्त्रज्ञाने कादंबरीत मांडली आहे. केंब्रिजचे फ्रेड हॉइल यांच्या १९६६ सालच्या एका कादंबरीत पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे काळ एकाच वेळी नांदू लागतात. इंग्लंडात विसाव्या शतकाचे सातवे दशक चालू असते, युरोपच्या भूमीवर पहिले महायुद्ध पेटलेले असते आणि ग्रीसमध्ये प्राचीन काळ अवतरलेला असतो. या हॉइल यांचेच शिष्य म्हणजे आपले जयंत विष्णु नारळीकर. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले नारळीकर वाढले ते वाराणसीत. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत आणि आई सुमती संस्कृतच्या विदुषी होत्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या या मुलाने पुढे गुरूसह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला, आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठाही मिळवून दिली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने धाडली, आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी कौल देऊ नये, एवढाच त्यामागील हेतू. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने नारळीकरांची एक कथा फार मोलाची आहे. तिचे नाव ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार. मराठे पानिपतावर विजयी झाले असते तर काय झाले असते, या विषयावर ते अध्यक्षीय भाषण करणार असतात. वाटेत त्यांना अपघात होतो आणि ते एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तेथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे, पण देशाच्या इतर भागांत तिला पाय पसरता आलेले नाहीत. गोंधळलेले गंगाधरपंत टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बखर उघडतात, आणि त्यांना कळते की विश्वासरावांना लागावयाची गोळी त्यांच्या कानाजवळून निसटून गेली. साऱ्या दोन शतकांचा पालट त्या केसभर अंतरावर उभा आहे.

आता आपल्या जगात काय घडले ते आठवू. तो दिवस १४ जानेवारी १७६१ चा. सकाळी सुरू झालेल्या युद्धात दुपारपर्यंत मराठ्यांचे पारडे बरेच जड होते. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. हे पाहून सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत शिरले. हौदा रिकामा दिसताच फौजेचा धीर सुटला, आणि पाहता पाहता युद्धाचे रूप कत्तलीत पालटले.

धीर असा एकाएकी का सुटतो, या प्रश्नाचे एक उत्तर नारळीकरांनी गणितातून आणले आहे. फ्रेंच गणिती रने थॉम यांनी विसाव्या शतकात एक उपपत्ती मांडली. तिला ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’ असे नाव पडले आहे. तिचा आशय सोपा करून सांगता येईल. वेताची काठी दोन्ही हातांनी हळूहळू वाकवीत नेली तर बराच वेळ ती थोडथोडी वाकत जाते. मग एका क्षणी, हातांचा जोर पूर्वीपेक्षा किंचितच वाढला असता, ती ताडकन मोडते. कारण हळूहळू वाढत गेले, परिणाम मात्र एका झेपेत घडला. सैन्याचे मनोधैर्य हे त्या काठीसारखे असते. अशा मोडीच्या क्षणी एखादी क्षुल्लक वस्तुस्थितीही दोहोंपैकी एक बाजू ठरवू शकते. कथेत याला पुंजभौतिकीचीही जोड दिली आहे. सूक्ष्म कणाचा मार्ग आधी निश्चित सांगता येत नाही, मग शक्य असलेली इतर जगेही कोठे तरी असतील काय, असा तो तर्क आहे.

कथा म्हणून हे मनोवेधक आहेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिच्यात आणखी एक गुण आढळतो, आणि तो गुण म्हणजे तिचा संयम. नारळीकरांनी फक्त एका गोळीची वाट बदलली. बाकीचे जग त्यांनी जसेच्या तसे राहू दिले आणि त्यातून जे निघेल ते निघू दिले. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ असेच करतो. तो एक घटक बदलतो, उरलेले स्थिर ठेवतो आणि निष्कर्षाची वाट पाहतो. आपण ओट्यावर बसून जो जर-तर करतो, त्यात मात्र हा संयम क्वचितच असतो. आपण विश्वासरावांना वाचवितो, त्याच दमात मल्हारराव आणि सूरजमल यांचे भाऊंशी मतैक्य घडवितो, शुजाउद्दौल्याला आपल्या बाजूस ओढतो आणि अन्नाची ददातही मिटवितो. एवढे सारे बदलल्यावर विजय मिळाला तर त्यात नवल ते काय?

म्हणून खरा इतिहासकार गोळीपाशी थांबत नाही, काठी वाकत कशी गेली हे तो पाहतो. १७६० च्या नोव्हेंबरापासून मराठ्यांची छावणी पानिपतात अडकून पडली होती. दिल्लीकडची वाट अब्दालीने रोखली होती. डिसेंबरात रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उपासमार सुरू झाली. छावणीत लढवय्यांखेरीज यात्रेकरू आणि कुटुंबे यांचा मोठा समुदाय होता. त्यांचीही पोटे भरावयाची होती. जाट राजा सूरजमल आधीच निघून गेला होता. जे सैन्य त्या सकाळी बाहेर पडले, ते अनेक दिवसांचे उपाशी होते. गोळी चुकली असती तर त्या दिवसाचा निकाल कदाचित फिरला असता, पण ज्या चुकांनी त्या दिवसापर्यंत आणून सोडले होते, त्या तशाच राहिल्या असत्या. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने पानिपतावर जन्मभर चिंतन केले, ते या दूरच्या कारणांसाठी.

आणखी एक गोष्ट आपल्या जर-तरमध्ये सहसा येत नाही. पानिपताच्या दोनच दिवसांनी, १६ जानेवारी १७६१ रोजी, इंग्रजांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी ताब्यात घेतली. १७६४ साली बक्सारची लढाई झाली आणि १७६५ साली बंगालची दिवाणी कंपनीच्या पदरात पडली. हिंदुस्थानचे भवितव्य एकाच मैदानावर तोलले जात नव्हते. नारळीकरांनी आपल्या कल्पित जगातही कंपनीला मुंबईतून हुसकून लावले नाही, यात त्यांची इतिहासदृष्टी दिसते.

आता हाच प्रश्न घेऊन पुन्हा छत्तीसगडाकडे वळू. पानिपताचे युद्ध झाले तेव्हा तेथे मराठ्यांचा अंमल बसून फार दिवस झाले नव्हते. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम रतनपुरावर चालून गेले आणि तेथील कलचुरी राजाने शरणागती पत्करली. १७५८ पासून रघूजींचे धाकटे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १४ जानेवारीच्या रणांगणावर नागपूरकरांची फौज नव्हती. पानिपताच्या घराघरांतील आकांत रतनपुरापर्यंत किती पोहोचला असेल, याची कल्पनाच करावी. बिंबाजींनी रतनपुरात रामटेकडीवर राममंदिर बांधले. रायपूरच्या दूधाधारी मठालाही त्यांचा आश्रय होता. कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चालही त्यांनीच या भागात रूढ केली, असे इतिहासकार सांगतात.

रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला ही हकीकत ऐकताना सुख वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. पण जर-तरचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयाचा तर तो दोन्ही बाजूंनी विचारला पाहिजे. कलचुरींची सत्ता त्या प्रदेशात सातशेहून अधिक वर्षे चालत आलेली होती. तेथील माणसाच्या दृष्टीने १७४१ हे वर्ष म्हणजे त्यांचे पानिपतच. त्या दिवशी रतनपुराच्या राजाला साह्य मिळाले असते तर, असा त्यांचाही एक जर असणार. १७८७ साली बिंबाजी वारल्यानंतर सुभेदारांचा काळ आला. राज्यकर्ते नागपुरात आणि वसुली छत्तीसगडात, असा तो प्रकार होता. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी जुनी गढींची व्यवस्था मोडून परगण्यांची घडी बसविली. ज्या गढींवरून प्रदेशाला छत्तीसगड हे नाव पडल्याचे मानतात, त्या कागदावरून गेल्या, पण नाव मात्र टिकले. १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य झाले, ते त्याच जुन्या नावाने. दप्तरातून पुसलेली गोष्ट लोकांच्या तोंडी जिवंत राहिली आणि दोन शतकांनी राज्याच्या पाटीवर आली. अशी कथा कोणी रचली असती तर वाचकांनी तिला कल्पित म्हणून बाजूस सारले असते.

याच रायपुराविषयी १७९५ साली कॅप्टन ब्लंट या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे सुमारे ३,००० झोपड्या असल्याचे नमूद केले आहे. १८१८ साली कॅप्टन अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे वीर नारायणसिंह यांना याच रायपुरात देहान्त शासन झाले. दुष्काळात सावकाराचे कोठार फोडून त्यांनी धान्य उपाशी रयतेला वाटले होते. १८८८ साली आगगाडी आली, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी जवळच्या भिलाई येथे पोलादाची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भाताच्या खाचरांतून पोलादाचा लालभडक ओघ वाहील, असे ब्लंटला कोणी सांगितले असते तर त्याने त्याची गणना भुताखेतांच्या गोष्टींत केली असती.

या सर्व टप्प्यांवर वाटा फुटत होत्या. म्हणूनच जर-तरचा पहिला उपयोग असा की तो आपल्याला विनम्र करतो. जे घडले ते अटळच होते, असे मानणाऱ्या माणसाला विजयाचा गर्व चढतो आणि पराजयात तो दैवाला बोल लावून मोकळा होतो. निर्णय घेणाऱ्यांच्या खांद्यावरचे उत्तरदायित्व मग कोणाकडेच राहत नाही. निराळे घडू शकले असते, हे एकदा पटले की ज्याने धान्याची तरतूद केली नाही त्याला जाब विचारता येतो, आणि ज्याने कोठार फोडून धान्य वाटले त्याचे मोलही कळते.

पण या विचाराला एक मर्यादा आहे, आणि ती गंगाधरपंतांच्या कथेतच दडलेली आहे. मराठे विजयी झालेल्या त्या जगात गंगाधरपंत आपल्या मुलाला शोधावयास जातात. त्या नावाचा कोणी माणूस तेथे नसतो. त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहासही तेथे त्यांना परका होऊन भेटतो. आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून हा नामवंत वक्ता मोठ्या उमेदीने व्यासपीठावर चढतो, आणि श्रोते त्याला मारून खाली उतरवितात. ज्या विजयाची त्यांनी जन्मभर हळहळ बाळगली, त्या विजयाच्या जगात त्यांना उभे राहावयास जागा नाही! विनोदाच्या आवरणाखाली लेखकाने येथे फार गंभीर गोष्ट सांगितली आहे. आपण स्वतः घडलेल्या इतिहासाचीच अपत्ये आहोत. पानिपताचा निकाल फिरला असता, नागपूरचे राज्य टिकले असते किंवा रतनपूर पडले नसते, तर रायपुरातील आजची मराठी घरे तेथे असती काय? गोल बाजारात दसऱ्याच्या सुमारास मराठी आणि छत्तीसगढी बायका एकाच दुकानाशी घासाघीस करतात, तो शेजार जमला असता काय? भूतकाळ दुरुस्त करू इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःला खोडून टाकण्याची तयारी ठेवली पाहिजे.

म्हणून भूतकाळ हा समजून घेण्यासाठी आहे. त्याचा निकाल फिरविण्याच्या ईर्ष्येने आज जी माणसे एकमेकांवर धावून जातात, ती अस्तित्वात नसलेल्या जगासाठी असलेले जग मोडू पाहतात. ‘जर’ हा शब्द भविष्याच्या बाबतीत मात्र अक्षरशः खरा ठरतो. तेथे वाटा अजून फुटावयाच्या आहेत. ज्यांच्या हाती शासनाचे आराखडे लिहिण्याचे काम असते, त्यांना हे रोज अनुभवावे लागते. दहा वर्षांनी एखाद्या गावाला पाणी लागेल किती, याचा अंदाज कागदावर मांडणे ही एक विज्ञानकथाच असते. फरक इतकाच की तिच्यातील पात्रे खरी असतात, आणि लेखकाचा तर्क चुकला तर तहान त्यांना लागते. अशा वेळी पानिपताच्या छावणीची आठवण उपयोगी पडते. गोळी कोठून येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. धान्य किती दिवस पुरेल, हे मात्र मोजता येते.

भूत आणि भविष्य यांच्या नादाने वेडावलेल्या रसिकाला लोक स्वप्नाळू म्हणतात. त्याचा नाद खरा असेल, तर तो आपल्याला एवढाच विवेक शिकवील. नशिबाच्या हातची गोळी नशिबावर सोपवावी, आणि आपल्या हातची रसद वेळेवर पोहोचवावी.